चोवीस तास आणि एक तारीख

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण. ध्वनिमुद्रणावरून शब्दांकन.)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘माझं क्षेत्र’. मी लगेच फोन करून सांगितलं, की सॉफ्टवेअरवर मी वीस मिनिटं बोलले तर अर्धा वर्ग मसालेभाताच्या वासाने उठून जाईल आणि उरलेला अर्धा मला मोबाइल दुरुस्त करायला देईल. म्हणून आज मी अशा विषयावर बोलणार आहे, ज्यातलं माझं शिक्षण शाळेतल्या जीवशास्त्रापुरतंच आहे. तेही अर्धवट, कारण प्रजननाचा धडा ‘घरी वाचा, परीक्षेला येणार नाही’ असं सांगून आमचा सोडून दिला गेला होता. बाई हसताहेत, म्हणजे त्यांनाही आठवतंय. आपल्या वर्गातली स्त्रीरोगतज्ज्ञ मैत्रीण दुसऱ्या रांगेत बसली आहे. माझं काही चुकलं तर तिने हात वर करायचा, असं आमचं ठरलंय.

प्रश्न साधा आहे. पोटातल्या बाळाला औषध द्यायचं असेल तर ते पोचवायचं कसं? एखाद्या मोठ्या रुग्णालयात क्वचित कधी सुई थेट नाळेपर्यंत नेतात, पण ते सोडलं तर रस्ता एकच, आई. आईच्या रक्तातून वारेत, वारेतून नाळेत, नाळेतून बाळात. म्हणजे औषध घ्यायचं एकीने आणि ते लागू पडायचं दुसऱ्याला. आमच्या धंद्यात अशी रचना कोणी मांडली तर आधी दहा प्रश्न विचारले जातील.

गेल्या शतकाच्या मध्यापर्यंत बऱ्याच डॉक्टरांचा समज असा होता, की वार ही भिंत आहे. आईच्या अंगातलं वाईटसाईट ती अडवते आणि बाळ पलीकडे सुरक्षित असतं. हा समज ज्यांनी आधीपासून मानला नाही त्यांत एक होत्या फ्रान्सिस केल्सी. जन्म कॅनडातला, काम अमेरिकेत, विषय औषधशास्त्र. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मलेरियावरच्या औषधांचा शोध चालू होता, तेव्हा शिकागो विद्यापीठात त्यांनी सशांवर क्विनीनचे प्रयोग केले. मोठ्या सशाचं शरीर क्विनीन भराभर मोडून टाकायचं. गाभण मादीचं तितक्या वेगाने नाही. आणि पोटातल्या पिल्लाला ते मोडताच येत नव्हतं. म्हणजे पोटातलं पिल्लू ही आईची छोटी प्रत नव्हे, औषधाच्या हिशेबात तो वेगळाच जीव आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

पुढची गोष्ट तुमच्यापैकी काहींना माहीत असेल. १९६० साली केल्सी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनात रुजू झाल्या आणि सुरुवातीलाच त्यांच्या टेबलावर थॅलिडोमाइडचा अर्ज आला. युरोपात ते झोपेसाठी आणि गरोदर बायकांच्या मळमळीसाठी सर्रास विकलं जात होतं. केल्सींनी कंपनीकडे पुन्हा पुन्हा माहिती मागितली. पोटातल्या बाळावर काय परिणाम होतो, हेही विचारलं. समाधानकारक उत्तर आलं नाही आणि त्यांनी परवानगी दिली नाही. १९६१ च्या अखेरीस हातपाय न वाढलेल्या बाळांचं कारण हेच औषध आहे हे उघड झालं आणि युरोपात ते बाजारातून काढावं लागलं. ऑगस्ट १९६२ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांनी केल्सींना पदक दिलं.

मी केनेडींचं नाव मुद्दाम घेतलं. कारण त्यानंतर वर्षाने, ऑगस्ट १९६३ मध्ये, त्यांना मुलगा झाला. पॅट्रिक. दिवस पूर्ण व्हायला पाचेक आठवडे बाकी होते, वजन दोन किलोच्या थोडं वर. बोस्टनच्या रुग्णालयात त्याला जास्त दाबाच्या ऑक्सिजनच्या कक्षात ठेवलं. जन्मल्यापासून एकोणचाळीस तासांनी तो गेला. कारण फुप्फुसं तयार नव्हती.

आपल्याकडे आज्या म्हणायच्या, सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही. पॅट्रिकचं ऐकून एखादी आजी म्हणाली असती, ‘बघ, मी सांगत होते.’ पण आकडे तसं सांगत नाहीत. आत काढलेला प्रत्येक आठवडा बाळाच्या बाजूने असतो. अडचण फुप्फुसांची आहे, आणि ती काय आहे हे १९५९ मध्ये मेरी एलन एव्हरी या बालरोगतज्ज्ञ बाईंनी जेरे मीड यांच्यासोबत दाखवून दिलं होतं. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या दोन बाजू एकमेकींना कशा चिकटतात, आणि तोंड उघडायला आपण बोटं चोळत बसतो, ते आठवा. फुप्फुसातले बारीक वायुकोश आतून ओले असतात. प्रत्येक श्वास सोडल्यावर ते असेच चिकटायला बघतात. ते चिकटू नयेत म्हणून शरीर आतून साबणासारखा एक थर देतं. हा थर शेवटच्या काही आठवड्यांत तयार होतो. त्याआधी बाळ जन्मलं तर त्याला प्रत्येक श्वासाला पिशवी नव्याने उघडावी लागते. काही तासांत ते दमतं.

आता जावं लागेल न्यूझीलंडला, मेंढ्यांकडे.

ऑकलंडच्या नॅशनल विमेन्स हॉस्पिटलमध्ये ग्रॅहम लिगिन्स नावाचे प्रसूतितज्ज्ञ होते. सगळे त्यांना ‘मॉन्ट’ म्हणत. त्यांचा प्रश्न फुप्फुसांचा नव्हताच. त्यांना हवं होतं ते हे, की कळा सुरू कशामुळे होतात? आई ठरवते की बाळ? मेंढीच्या पोटातल्या कोकराला स्टेरॉइड संप्रेरक दिलं तर मेंढी दिवस भरायच्या आतच विते, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे निदान मेंढ्यांमध्ये तरी घंटा बाळ वाजवतं. एवढंच करून ते थांबले असते तरी नाव झालं असतं. पण या प्रयोगांत एक कोकरू ११७ व्या दिवशी जन्मलं. मेंढीचे दिवस साधारण १४७ असतात. तीस दिवस आधीचं कोकरू श्वास घेऊच शकत नाही. हे घेत होतं. नंतर तपासलं तेव्हा त्याची फुप्फुसं काही प्रमाणात हवेने फुगलेली निघाली. लिगिन्सनी हे निबंधाच्या तळटीपेत टाकून दिलं नाही. स्टेरॉइडने फुप्फुसं वेळेआधी तयार झाली असावीत, असा अंदाज त्यांनी बांधला. हा निबंध १९६९ चा.

त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांनी रॉस हाउई या बालरोगतज्ज्ञांना सोबत घेऊन बायकांवर चाचणी सुरू केली. लवकर बाळंत होण्याच्या बेतात असलेल्या बायकांना चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत विभागलं. एका गटाला बेटामेथासोनची दोन इंजेक्शनं, चोवीस तासांच्या अंतराने. १९७२ मध्ये २८२ बायकांचा पहिला अहवाल छापून आला. औषध न मिळालेल्या गटातली १५ टक्के बाळं पहिल्या काही दिवसांत दगावली होती. औषध मिळालेल्या गटात ३.२ टक्के.

दोन इंजेक्शनं. तीही कंबरेखाली, आईला.

इथे औषधाच्या निवडीबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण मला सगळ्यात आवडलेला भाग तो आहे. वार ही भिंत नाही हे थॅलिडोमाइडने शिकवलं होतं, पण ती उघडं दारही नाही. दारावर एक चौकीदार आहे. वारेत एक विकर असतं, ते आईच्या अंगातलं कॉर्टिसोल जाताजाता निकामी करून टाकतं, म्हणजे आईच्या ताणतणावाचा सगळा मारा बाळावर होत नाही. प्रेडनिसोलोन नावाची स्टेरॉइडची गोळी तुमच्यापैकी दमेकरी मंडळींना माहीत असेल. तिलाही हा चौकीदार बराचसा अडवतो. बेटामेथासोन आणि डेक्सामेथासोन यांना मात्र तो फारसा ओळखत नाही, ती आत जातात. म्हणून गरोदर बाईच्या स्वतःच्या दम्यासाठी स्टेरॉइड लागलं तर डॉक्टर प्रेडनिसोलोन निवडतात आणि बाळाच्या फुप्फुसांसाठी बेटामेथासोन किंवा डेक्सामेथासोन. एकाच कुटुंबातली औषधं. कोणापर्यंत पोचायचंय यावरून निवड.

आता चोवीस तासांबद्दल. हे औषध दिल्या क्षणी काम करत नाही. बाळाच्या फुप्फुसाला तयारीला वेळ लागतो. पहिल्या इंजेक्शनपासून साधारण चोवीस तास ते सात दिवस या काळात बाळ जन्मलं तर फायदा सर्वांत जास्त. फार आधी दिलं तर परिणाम ओसरतो, उशिरा दिलं तर पुरता होत नाही.

हे मला पुस्तकातून नंतर कळलं. २०११ मध्ये माझा मुलगा बत्तिसाव्या आठवड्यात झाला. डोहाळजेवणाची साडी अजून इस्त्रीला होती. रात्री पाणी गेलं, रुग्णालयात नेलं, सिस्टरने एक इंजेक्शन दिलं, दुसऱ्या रात्री आणखी एक. कशासाठी हे कोणी सांगितलं नाही आणि त्या अवस्थेत मीही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो झाला. पेटीत ठेवलं, पण श्वासाला यंत्र लागलं नाही. शेजारच्या खाटेवर एक बाई होती, तालुक्याच्याही पलीकडच्या गावातून जीप करून आणलेली. तिचेही आठवडे जवळपास माझ्याइतकेच. ती आली तेव्हाच कळा जोरात होत्या, तासाभरात बाळंत झाली. तिच्या बाळाला दुसरीकडे हलवलं, आणि तिला डिस्चार्ज मिळेपर्यंत तिच्या सासूने आम्हाला काही सांगितलं नाही. आम्ही विचारलंही नाही. मला चोवीस तास मिळाले होते, तिला मिळाले नव्हते. तेव्हा मला हा फरक माहीत नव्हता.

लिगिन्स-हाउई यांचा अहवाल १९७२ चा. तुम्हाला वाटेल पुढच्या दोन-चार वर्षांत जगभर हे औषध सुरू झालं असेल. नाही झालं. छोट्या छोट्या चाचण्या होत राहिल्या. काहींत फायदा दिसे, पण बाया कमी असल्याने खात्रीने सांगता येत नसे. सगळ्यांची बेरीज करून बघितल्यावर फायदा स्पष्ट दिसला. वैद्यकीय पुरावे गोळा करणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या बोधचिन्हात गोलाच्या आत ज्या आडव्या रेघा आहेत ना, त्या याच चाचण्यांच्या. बेरीज करायला उशीर झाला तर काय होतं याची ती खूण आहे. अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवर ‘हे औषध द्या’ अशी ठाम शिफारस झाली १९९४ मध्ये. म्हणजे आपण आठवीत असताना.

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे आणि इथे थांबता आलं असतं. पण नागपूर राहिलं.

औषध स्वस्त आहे. डेक्सामेथासोन आपल्याकडे खेड्यातल्या औषधाच्या दुकानातही मिळतं. मग प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत, गावपातळीपर्यंत ते नेलं तर गरीब देशांत लाखो बाळं वाचतील, असं कोणालाही वाटेल. सहा देशांत ते करून बघितलं गेलं. अर्जेंटिना, ग्वाटेमाला, झांबिया, केनिया, पाकिस्तान आणि भारत. भारतात दोन ठिकाणी, बेळगाव आणि नागपूर. काही भागांत आरोग्य कर्मचाऱ्यांना शिकवून औषध दिलं, काही भाग नेहमीसारखे ठेवले. सुमारे एक लाख जन्मांचा हिशेब झाला. निकाल २०१५ मध्ये आला आणि तो वाचून मी खुर्चीत ताठ बसले. अगदी छोट्या बाळांच्या मृत्यूंमध्ये घट नव्हती. आणि सगळी बाळं मिळून पाहिली, तर औषध पोचवलेल्या भागात हजारी २७.४ बाळं दगावली होती, न पोचवलेल्या भागात २३.९. वाढ. आयांमध्ये जंतुसंसर्गाची शंकाही वाढली होती.

औषध त्याच कुटुंबातलं. ऑकलंडमध्ये जीव वाचवणाऱ्या औषधाचं भावंड.

याची कारणं अजूनही चर्चेत आहेत, पण एक गोष्ट चाचणीतच दिसते. औषध मिळालेल्या बऱ्याच बायकांना अपुऱ्या दिवसांचं बाळ झालंच नाही. त्यांचे दिवस भरत आले होते, नाहीतर कळा खोट्या होत्या. किती आठवडे झाले हे ठरवायला साधन होतं पाळीची शेवटची तारीख. ती सांगता आली नाही तर पोटावर लावायची रंगीत टेप. ज्या बाळाला गरज नाही त्याला स्टेरॉइड मिळालं, ज्याला होती त्याच्यासाठी पुढची सोय, म्हणजे पेटी, ऑक्सिजन, जंतुसंसर्गावर लक्ष ठेवणारं कोणी, जवळपास नव्हती. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने अटी घातल्या. आठवडे खात्रीने माहीत असावेत, आईला संसर्ग नसावा, बाळंतपणाची आणि नवजात बाळाच्या काळजीची सोय असावी. तरच द्या.

मग संघटनेने प्रश्न पुन्हा विचारला, या वेळी बांगलादेश, भारत, केनिया, नायजेरिया आणि पाकिस्तानमधल्या एकोणतीस रुग्णालयांत. २,८५२ बायका. प्रत्येकीचे आठवडे सोनोग्राफीवर ठरवलेले. निकाल २०२० मध्ये आला. औषध मिळालेल्यांत १९.६ टक्के बाळं दगावली, न मिळालेल्यांत २३.५ टक्के. संसर्ग वाढला नाही. फायदा इतका दिसू लागला की चाचणी वेळेआधीच थांबवली.

या दोन निकालांच्या मधल्या जागेवर मी बरेच दिवस विचार करत होते. औषध तेच, बायका आपल्याच भागांतल्या. बदललं काय? डॉक्टर मैत्रीण म्हणेल, रुग्णालय, आणि तिचं बरोबर आहे. पण मी आकड्यांची माणूस, माझं लक्ष जातं तारखेवर. रेणूला वार ओलांडता येते, पण ही बाई एकतिसाव्या आठवड्यात आहे की छत्तिसाव्या, हे त्याला कळत नाही. ते आपणच सांगायचं असतं.

गेली काही वर्षं आमची टीम एका संस्थेसाठी गरोदर बायकांच्या नोंदींचं अ‍ॅप चालवते. एएनएम सिस्टर गावोगाव जातात, फोनवर माहिती भरतात. पाळीची शेवटची तारीख भरली की अ‍ॅप आपोआप बाळंतपणाची तारीख काढतं, नऊ महिने आणि सात दिवस. एकदा मी सगळ्या तारखा महिन्याच्या दिवसांप्रमाणे मांडून बघितल्या. १ तारखेला डोंगर, १५ ला डोंगर, बाकी सपाट. निसर्ग काही पगाराच्या तारखा बघून चालत नाही.

मी एका सिस्टरना फोन केला. त्या माझ्यापेक्षा वयाने मोठ्या, नोकरीत तीस वर्षं काढलेल्या. म्हणाल्या, ‘मॅडम, बाया तारीख सांगत नाहीत, सण सांगतात. गौरी गेल्यावर. पोळ्याच्या आदल्या आठवड्यात. धाकट्या दिराच्या हळदीला. मी कालनिर्णय बघून पंधरा तारीख टाकते, कारण रकाना रिकामा ठेवला तर तुमचा फोन पुढेच जात नाही.’

म्हणजे रकान्यात दिसायची एक पक्की तारीख, आणि आत असायचा दोन आठवड्यांचा अंदाज. पुढच्या स्क्रीनवर आमचं अ‍ॅप मोठ्या आत्मविश्वासाने लिहायचं, ‘३३ आठवडे ४ दिवस’. तो ‘४ दिवस’ बघून कोणी डॉक्टर इंजेक्शनचा निर्णय घेणार.

भारतात २०२० साली सुमारे तीस लाख बाळं अपुऱ्या दिवसांची जन्मली, असा अंदाज आहे. जगात एक कोटी चौतीस लाख. यांतल्या प्रत्येकीची सोनोग्राफी पहिल्या तीन महिन्यांत झाली असती तर प्रश्न बराच सुटला असता, कारण आठवडे सर्वांत नेमके तेव्हाच कळतात. पुढे जाल तसा अंदाज सैल होतो. म्हणून इथे ज्यांच्या लेकी-सुना आहेत त्यांना सांगते, पहिल्या सोनोग्राफीचा कागद फाइलमध्ये तळाशी जाऊ देऊ नका, सगळ्यात वर ठेवा आणि रात्री-अपरात्री निघालात तर बरोबर घ्या. मुलग्याचा हट्ट धरणाऱ्यांनी त्या यंत्राचं काय केलं आणि कायदा का करावा लागला हे आपल्या पिढीने पाहिलंय. त्याच यंत्राचं हे दुसरं, साधं काम मात्र घरात कोणी सांगत नाही.

आणि खेड्यात जिथे ती वेळेवर होत नाही, तिथे आम्ही निदान खोटा आत्मविश्वास काढून टाकला. तारखेशेजारी एक नवीन रकाना आहे, ‘कशावरून?’ त्यात चार पर्याय: सोनोग्राफी, नक्की तारीख, सण, अंदाज. ‘सण’ निवडला तर सणांची यादी उघडते आणि त्या वर्षीचा पोळा, गौरी, संक्रांत कधी होती ते अ‍ॅप स्वतः बघतं. आणि आठवड्यांच्या आकड्यापुढे आता ‘±’ असं लहान अक्षरात येतं. त्या चिन्हावरून आमच्या कार्यालयात तीन बैठका झाल्या, कारण काहींना ते ‘दिसायला कच्चं’ वाटत होतं.

त्याच सिस्टरना नवीन अ‍ॅप दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, चारही पर्याय वाचले आणि म्हणाल्या, ‘‘अंदाज’ शेवटी का ठेवलाय? तो पहिला घ्या. खाली शोधण्यात वेळ जातो.’

पहिला घेतला.

तिकडे वाढपी मंडळी माझ्याकडे बघताहेत. मैत्रिणीने हात वर केला नाही, तेव्हा मी उत्तीर्ण, असं धरते. चला जेवायला.